तळमजल्याबाबत दुरुस्ती

१२ जानेवारी

धाकटीस,
दादाचे आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर पाहून तुला प्रथम काळजी वाटली असेल, म्हणून पहिल्याच ओळीत नमूद करतो की सर्व जण सुखरूप आहेत. फोनवर आपण दोघं ‘बरं आहे ना’ आणि ‘हो, तुमच्याकडे?’ यांच्या पलीकडे गेल्याचं मला आठवत नाही, आणि आज जे सांगायचं आहे ते तेवढ्यात मावणारं नाही.

सूनबाईला सातवा महिना लागला. चिरंजीव मोबाईलचे टॉवर बसवण्याच्या कामावर असल्यामुळे महिन्यातले वीस दिवस आकाशात असतो, म्हणून ती आमच्याजवळच आहे. तुझी वहिनी शाळेत शिकवते आणि घरी आल्यावर मला शिकवते. माझी गोदामातली नोकरी अजून अडीच वर्षं आहे. बसगाड्यांचे अकरा हजार चारशे प्रकारचे सुटे भाग माझ्या ताब्यात आहेत. त्यांतला कोणता कुठल्या फळीवर आहे, हे मी डोळे मिटून सांगतो. घरात माझा चष्मा कुठे आहे हे मात्र सूनबाई सांगते. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासण्याचंच तिचं काम असल्याने मी ते मुकाट्याने ऐकतो.

आता मूळ विषय. विषय बायकांचा आणि मी वाणिज्य शाखेचा, तरी लिहितो.

गेल्या महिन्यापासून सूनबाईला दुखतं. पोटात नाही. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या बाजूने दोन हाडं जिथे जुळतात तिथे, आणि मागे कंबरेच्या खाली उजवीकडे. चालताना, जिना चढताना, गाडीतून उतरताना, कुशीवर वळताना, एका पायावर उभं राहून कपडे चढवताना. पूर्वी नंबर तपासताना ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीभोवती फिरायची. आता गिऱ्हाइकालाच खुर्चीसकट फिरवते, असं तिने हसत हसत सांगितलं. ती सगळंच हसत सांगते, ही आमची खरी अडचण. तिचं तोंड पाहून काही म्हणजे काही कळत नाही.

मी निष्कर्ष काढला की व्यायाम कमी पडतो आहे. एका बुधवारी रात्री बसून एक तक्ता आखला: दिनांक, सकाळची पावलं, संध्याकाळची पावलं, जिना दोन वेळा, रोज आदल्या दिवसापेक्षा दहा टक्के वाढ, आणि शेवटी ‘शेरा’ असा रकाना. उभ्या रेघा निळ्या, आडव्या लाल. सूनबाई म्हणाली, “बाबा, किती सुंदर आखलाय!” आणि तिने तो नऊ दिवस तंतोतंत पाळला. शेऱ्याच्या रकान्यात रोज ‘ठीक’. नऊ दिवस, नऊ ठीक. माझं समाधान झालं होतं.

दहाव्या दिवशी, शनिवारी, तुझी वहिनी पाऊण वाजता शाळेतून आली तेव्हा सूनबाई जिन्याच्या सातव्या पायरीवर बसलेली होती.

“इथे का गं बसलीस?”

“वर जाता येईना, खाली उतरता येईना. म्हटलं बसू.”

“कधीपासून?”

“अकरापासून असेल.”

“अगं, मग हाक नाही का मारायची? हे घरातच आहेत की!”

मी खरोखर घरात होतो. जिन्यापासून पंधरा फुटांवर वर्तमानपत्र वाचत होतो.

“बाबांनी तक्त्यावर लिहिलंय ना,” सूनबाई म्हणाली, “मध्येच थांबू नये म्हणून. मला वाटलं, रागावतील.”

हेही ती हसत म्हणाली. तुझी वहिनी हसली नाही. आम्ही दोघांनी तिला दोन्ही बाजूंनी धरून खाली आणलं आणि त्या आठवड्यात फिजिओबाई घरी आल्या. वयाने तिशीच्या, आवाजाने पन्नाशीच्या. त्यांनी सूनबाईला झोपवून, बसवून, वळवून तपासलं आणि भिंतीपाशी थांबल्या.

“हा तक्ता कुणी केलाय?”

घरातल्या दोन्ही बायकांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं.

“मी.”

“छान आखलाय.”

“आभारी आहे.”

“फाडून टाका.” मग जरा मवाळ होऊन त्यांनी विचारलं, “काका, तुम्ही काय काम करता?”

“गोदाम सांभाळतो.”

“एखाद्या रॅकचा पाय कलला, तर त्याला सवय व्हावी म्हणून त्यावर रोज थोडं थोडं वजन वाढवत जाता?”

मी म्हटलं, असं कोणी करत नाही; आधी रॅक हलका करतात, मग पायाला टेकू देतात, मग बघतात.

“झालं तर मग,” त्या म्हणाल्या. “गरोदरपणात हे सांधे सैल होतात, आणि काहींचे दोन्ही बाजूंनी सारखे हलेनासे होतात. नाटक नाही, नखरा नाही आणि आळस तर नाहीच. आधी हलकं करा, टेकू द्या. आणि व्यायाम मी सांगेन तोच.”

तक्ता मी स्वतः फाडला. चार तुकडे.

हे सगळं तुलाच का लिहितो आहे, ते मला नीट मांडता येत नाही. भाच्याच्या वेळी तू आमच्याकडे होतीस, तेव्हा तुलाही काहीसा असाच त्रास होता, असं अंधुक आठवतं. अंधुक हा शब्द मी सहसा वापरत नाही, हे तू जाणतेस.

आमच्या मेहुण्यांना, म्हणजे पूलवाल्यांना, नमस्कार सांग. भाच्याला आशीर्वाद.

तुझा,
दादा


६ फेब्रुवारी

धाकटीस,
आशीर्वाद.

तुझं उत्तर मिळालं. चारच ओळी आहेत, पण त्यांच्याविषयी शेवटी लिहितो, कारण आधी इकडची हकीकत सांगितली नाही तर ती राहून जाईल.

फिजिओबाईंच्या ‘हलकं करा’ या दोन शब्दांवरून मी घराची फेरमांडणी केली आहे. सूनबाईचा पलंग खाली माझ्या खोलीत आला आणि मी माझी पुस्तकं, रेडिओ आणि घोरणं यांसह वर गेलो. गोदामात एक साधा नियम असतो: ज्याची मागणी रोज, ते कंबर ते खांदा या उंचीवर, ज्याची आठवड्याने, ते खाली, ज्याची वर्षाने, ते माळ्यावर. त्यांना आम्ही अ, ब, क वर्ग म्हणतो. हा नियम मी स्वयंपाकघराला लावला, म्हणजे सूनबाईला वाकायला नको आणि स्टुलावर चढायला नको. तुझी वहिनी शाळेतून आली.

“मीठ कुठे गेलं?”

“दुसरा कप्पा, डावीकडून तिसरी बरणी.”

“आणि साखर?”

“साखर ब वर्गात गेली. डॉक्टरांनी तुला कमी करायला सांगितली आहे ना.”

“असं का? मग चहाही ब वर्गातच करा. आठवड्यातून एकदा आणि तुम्हीच.”

साखर त्याच संध्याकाळी अ वर्गात आली. चहा मात्र तेव्हापासून माझ्याकडेच आहे.

नवे नियम पुष्कळ आहेत. दोन्ही गुडघे एकमेकांना चिकटवून, आख्खं अंग एकदम वळवायचं. कपडे बसूनच घालायचे. झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. पोटाखालून बांधायचा रुंद पट्टा. तो बांधला की सूनबाई स्वतःला ‘पार्सल’ म्हणवून घेते. गाडीच्या सीटवर प्लास्टिकची पिशवी पसरायची, म्हणजे बसल्यावर दोन्ही पाय एकत्र आत घेऊन सहज फिरता येतं. पहिल्या दिवशी मी दुकानातली सर्वांत गुळगुळीत पिशवी निवडली. सूनबाई बसली, फिरली आणि फिरतच थेट गिअरपर्यंत गेली. “बाबा, या सीटला ब्रेक कुठाय?” आम्ही दोघं इतकं हसलो, की शेजारचे बाहेर आले. सध्याची पिशवी मध्यम गुळगुळीत आहे.

पलंगावर वळण्यासाठी कंबरेखाली साटीनचं कापड घालावं, असं फिजिओबाई म्हणाल्या. मी कापडाच्या दुकानात गेलो.

“अस्तराला हवंय का?” दुकानदाराने विचारलं.

“नाही. सुनेला कुशीवर वळण्यासाठी.”

त्याने कात्री खाली ठेवली. मी सर्व खुलासा केला. अर्धवट माहिती दिली की माल चुकीचा मिळतो. मी दोन मीटर सांगितलं, तेवढ्यात मागच्या बाजूने, हिशेबाच्या टेबलावरून, त्याची बायको म्हणाली, “त्यांना अडीच द्या. दोन पुरत नाही. मला पुरलं नव्हतं.”

दुकानदार मागे वळला. “तुला कधी लागलं होतं?”

“धाकट्याच्या वेळी. दुकानातलंच नेलं होतं.”

“बोलली नाहीस कधी!”

“तुम्ही विचारलंत कधी?”

बावीस वर्षं दोघं एकाच दुकानात बसतात. तो तिच्याकडे पाहत राहिला, ती वहीत पाहत राहिली आणि मी माझ्या हातातल्या पिशवीचे बंद निरखत राहिलो. साटीन अडीच मीटर आणलं. उत्तम चालतं.

तक्ता गेल्यानंतर मी रोज संध्याकाळी एवढंच विचारायचो: “शून्य ते दहा, आज किती?” चौथ्या दिवशी सूनबाई म्हणाली, “बाबा, सहा म्हणजे कुणाचे सहा? तुमचे की माझे?” मला प्रश्न कळला नाही. तेव्हा तिने मला तिच्या धंद्यातली गोष्ट सांगितली. डोळ्याचा नंबर मशीन सांगतं, पण अर्धाच. उरलेला अर्धा समोरच्याला विचारावा लागतो. भिंग बदलायचं आणि विचारायचं, ‘हे बरं की आधीचं बरं?’ तो म्हणेल ते खरं धरायचं. “मी कितीही निरखून बघितलं तरी त्याच्या डोळ्यांतून मला थोडंच दिसणारे?” ती म्हणाली. “विचारायचं आणि विश्वास ठेवायचा. नाहीतर चष्मा चुकतो.”

त्या संध्याकाळपासून मी आकडा विचारणं सोडलं.

आणखी एक. प्रसूतीच्या वेळी गुडघे किती दूर नेले तर दुखत नाही, ते अंतर आधी मोजून फायलीवर लिहून ठेवायचं असतं. फिजिओबाईंनी टेप मागितली. मी माझी पोलादी टेप दाराच्या फटीतून आत दिली आणि पाठ फिरवून उभा राहिलो. आतून सूनबाईचा आवाज आला, “बाबा, एकतीस सेंटिमीटर. तुम्हाला ऐकल्याशिवाय चैन पडणार नाही म्हणून सांगतेय.” ते खरं होतं.

आता तुझं उत्तर. तू लिहितेस: ‘चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी. एका पायरीवर दोन्ही पाय आले की मगच पुढची. सामान एका खेपेत वर नेऊ नये. पिशवी मधल्या मजल्यावर ठेवून यावं, मूल वर ठेवून मग ती न्यावी.’

मी हे फिजिओबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, पायांचं मी सांगणारच होते, अगदी बरोबर आहे. पिशवीचं मला सुचलं नव्हतं, आता सगळ्यांना सांगेन. कोण आहेत या, कुठे काम करतात?

मी म्हटलं, माझी बहीण आहे. कुठे काम करत नाही.

हे तुला कोणी शिकवलं, असं मी विचारणार होतो. वाक्य अर्धं लिहून खोडलं. त्या काळी तुमच्याकडे कोणी फिजिओबाई नव्हत्या, आणि तुमचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, लिफ्ट नव्हती.

पत्र लांबलं. डाकेची वेळ होत आली आहे.

तुझा,
दादा


११ मे

धाकटीस,
आशीर्वाद, आणि या खेपेला त्यांच्याबरोबर एक विनंतीही आहे.

नात झाल्याचा फोन तुला चिरंजीवाने केलाच. वजन दोन किलो नऊशे ऐंशी. ‘जवळजवळ तीन’ असं घरात सर्वत्र सांगितलं जातं आणि मी प्रत्येक वेळी दुरुस्ती करतो. एकतीस सेंटिमीटरचा आकडा फायलीच्या पहिल्या पानावर होता. परिचारिकेने तो वाचला आणि सूनबाईला कुशीवरच ठेवलं. नात आल्या आल्या अशी ओरडली, की बाहेर बसलेली तुझी वहिनी म्हणाली, “तुमच्याच घराण्याची. तक्रार लेखी नाही दिली एवढंच.”

माझी समजूत अशी होती की कारण गेलं की परिणामही जाईल. तसं झालं नाही. पहिल्या पंधरवड्यात बराच उतार पडला, नंतर तो रेंगाळला. पट्टा आहे, साटीन आहे, फिजिओबाईंचे व्यायाम आहेत. पाळणा आम्ही पलंगाच्या उंचीवर आणला, लंगोटांचा कप्पा खांद्याच्या पातळीवर, आणि मी नातीला उचलून देण्यात इतका तरबेज झालो आहे, की ती माझ्या हातात आली की आता जेवणाची वेळ झाली असं समजते. फिजिओबाई म्हणतात, सुधारणा आहे. बहुतेकींचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत थांबतं, थोड्यांना जास्त लागतं. ‘काही’ हे परिमाण मला पटत नाही, पण त्या प्रामाणिक आहेत.

गेल्या मंगळवारी सकाळी नात रडत होती. मी चहा ठेवत होतो. सूनबाईने तिला उचलायला पाळण्याकडे पाऊल टाकलं आणि जागीच थांबली. कठडा धरून उभी राहिली. मी नातीला घेतलं. सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. या वेळी ती हसत नव्हती. नऊ वेळा ‘ठीक’ लिहिणारी मुलगी म्हणाली, “बाबा, मला माझंच बाळ उचलता येत नाही. हे जाणार आहे ना? खरं सांगा.”

मी म्हटलं, “फिजिओबाई म्हणतात, जाणार.”

“त्यांना झालेलं नाहीये हो. आत्यांना झालं होतं ना? त्या पायऱ्यांचं त्यांनीच लिहिलं होतं. त्यांचं कधी थांबलं?”

धाकटे, मला सांगता आलं नाही. अकरा हजार चारशे वस्तूंचा ठावठिकाणा सांगणाऱ्या माणसाला हे ठाऊक नाही, कारण त्याने ते कधी विचारलंच नाही. का विचारलं नाही, ते सूनबाईला सांगितलं नाही. ते इथे लिहितो. तुला माहीतच आहे. पण मला माहीत आहे हे तुला माहीत नसेल.

भाचा दोन महिन्यांचा होता. पूलवाले नव्या पुलाच्या कामावर रुजू झाले होते. तिथे तिसऱ्या मजल्यावरचं घर लगेच मिळत होतं, आणि चार महिने थांबलं तर तळमजल्यावरचं. तू मला म्हणालीस, “दादा, तू लिही ना त्यांना. मला चालवत नाही रे. मी लिहिलं तर त्यांना वाटेल, माहेर सुटत नाही. तुझं ते ऐकतात.” त्यांचंही पत्र आलं होतं: तुम्ही जवळून पाहता आहात, तुमचं मत कळवा.

मी एक आठवडा तुला पाहिलं. धाकटे, मी टिपण ठेवलं होतं, ते असं: सोमवारी ती फाटकापर्यंत दोनदा गेली. बुधवारी मूल घेऊन अंगणात वीस मिनिटं उभी होती. गुरुवारी आईशी हसत बोलत होती. गोदामात मला शिकवलं होतं की ऐकीव गोष्ट लिहायची नाही. प्रत्यक्ष पाहावं आणि तेच कागदावर यावं. मी प्रत्यक्ष पाहिलेलं सर्व लिहिलं आणि खाली मत दिलं: तिला तीन मजले चढण्यास हरकत दिसत नाही, तळमजल्यासाठी थांबण्याची आवश्यकता नाही. सही केली. तुला सांगितलं, “लिहिलं आहे.” तू म्हणालीस, “बरं झालं.”

पंधरा दिवसांत तू गेलीस. ते पत्र पूलवाल्यांनी तुला दाखवलं असणार. त्यांना ते लपवण्याचं काही कारण नव्हतं. त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी विचारलं, मी लेखी दिलं. पुढच्या तुझ्या पत्रात सगळ्यांची चौकशी होती आणि शेवटी नुसतं ‘कळावे’. सव्वीस वर्षं ते ‘कळावे’ येतं आहे आणि मी ते नीट लावून ठेवतो आहे. मला वाटायचं, संसारात माणसाला सवड मिळत नाही. खरं तर मला काय वाटायचं ते मी पाहतच नव्हतो.

फाटकापर्यंत गेल्यावर तू फाटकाला धरून उभी होतीस, आणि परत यायला तुला किती वेळ लागला, हे मी टिपलं नाही. तू हसत होतीस हे टिपलं. सूनबाईही हसते. तू दुखतं असं मला तोंडाने सांगितलंस, आणि ते माझ्या टिपणात कुठेच नव्हतं.

तुझी वहिनी म्हणते, हे पत्र मी सव्वीस वर्षं उशिरा लिहितो आहे. मी म्हटलं, सव्वीस वर्षं आणि नऊ महिने. ती म्हणाली, “आता तरी दुरुस्त्या बंद करा आणि पाकीट चिकटवा.”

म्हणून विनंती. सूनबाईचा फोन नंबर खाली देतो आहे. तुझं कधी थांबलं, ते तिला सांग. थांबलं नसेल तर तेही तिलाच सांग. खोटं तिला चालत नाही, धंद्यामुळे. दुपारी तीन ते चार नात झोपते. मला कळवू नकोस. तो आकडा मागण्याचा अधिकार मी घालवला आहे.

माझ्यावर रागावलेली असशील तर तीही गोष्ट तिच्याजवळ बोल. ती ऐकून घेते, आणि विश्वास ठेवते.

तुझा,
दादा


३ जून

धाकटीस,
आशीर्वाद.

गुरुवारी मी रजेवर होतो; तीन वाजून चार मिनिटांनी फोन वाजला. सूनबाई म्हणाली, “आत्या?” आणि फोन कानाला लावूनच तिने दार पायाने लोटून माझ्या तोंडावर बंद केलं. मी दाराकडे पाहत राहिलो. दार पायाने लोटायचं म्हणजे एका पायावर उभं राहावं लागतं. हे तिच्या लक्षात आलं नसेल, माझ्या आलं. मी तुझ्या वहिनीला बोलवायला धावलो. ती म्हणाली, “बंद दार दाखवायला बोलावलंत?”

तुम्ही एक तास दहा मिनिटं बोललात. पहिली वीस मिनिटं शांतता होती. मग रडण्याचा आवाज आला. तो नातीचा नव्हता. त्यानंतर मात्र दोघींनी जे हसायला सुरुवात केली ती थांबेना, आणि मधूनमधून ‘तक्ता’ हा शब्द स्पष्ट ऐकू येत होता. मी तिथून हललो नाही. माझ्यावर हसलं जात असताना मला इतकं बरं यापूर्वी कधी वाटलं नव्हतं.

बाहेर आल्यावर मी काही विचारलं नाही. सूनबाईच म्हणाली, “बाबा, थांबतं. एवढंच तुम्हाला सांगायची परवानगी आहे. बाकीचं आमच्यातलं.” मग तिने पाळण्याजवळ खुर्ची ओढली, बसली, दोन्ही गुडघे जुळवून वळली आणि नातीला स्वतः घेतलं. मी पुढे केलेले हात मागे घेतले.

तुझा निरोपही तिने दिला: ‘मी शनिवारी येतेय. तिला आणि बाळाला बघायला येतेय, दादाला नाही. त्याला सांग, स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस, सगळ्या गाड्यांच्या वेळा ऐकवत बसशील.’ निरोप शब्दशः मिळाला. मी स्टेशनवर येणार आहे. वेळांविषयी बोलणार नाही.

पूलवाल्यांना मी वेगळं पत्र पाठवलं आहे. तुझी वहिनी म्हणाली, आता त्यांना कशाला त्रास. पण चुकीचा कागद मागे घ्यायचा तर तो ज्याला दिला त्याच्याकडूनच घ्यावा लागतो. तुझ्याजवळ क्षमा मागून तो रद्द होत नाही. क्षमा मी तुझ्याकडे समक्ष मागेन. नक्कल सोबत जोडली आहे.

तुझा,
दादा

सोबत: नक्कल


३ जून

आदरणीय पूलवाले यांस,
सविनय नमस्कार.

सव्वीस वर्षांपूर्वी, दिनांक ९ ऑगस्ट रोजी, आपल्या विचारणेवरून मी आपणांस एक पत्र पाठवले होते. माझी बहीण तीन मजले चढू शकेल आणि तळमजल्यावरील घरासाठी थांबण्याची आवश्यकता नाही, असे मत मी त्यात दिले होते.

सदर पत्रातील निरीक्षणे पाहिल्याप्रमाणेच लिहिलेली होती. मत चुकीचे होते. आपण माझ्या शब्दावर विसंबलात यात आपली चूक नाही. स्वतःला दुखते, असे माझ्या बहिणीने मला स्पष्ट सांगितले होते आणि तसे आपणांस कळवावे अशी विनंती केली होती. ते मला दिसले नाही, म्हणून मी ते लिहिले नाही. ज्या गोष्टीची साक्ष फक्त तीच देऊ शकत होती, त्या गोष्टीत मी तिची साक्ष वगळली.

ते पत्र मी या पत्राद्वारे मागे घेत आहे. इतक्या वर्षांनंतर त्याचा व्यवहारात काही उपयोग नाही, याची मला जाणीव आहे. तरीही जुने पत्र आपल्याकडे असेल, तर हे त्याच्यावर लावून ठेवावे. नसेल, तर हे तिच्यासमोर एकदा मोठ्याने वाचावे, एवढी विनंती.

त्या पत्रात जे लिहायचे होते, ते असे:

तिला दुखते आहे. ती सांगते म्हणून मी कळवतो. कृपया तळमजल्यासाठी थांबावे.

आपला,
तिचा भाऊ